चार आडवे धागे

प्रिय ठके,

तुझ्या चिठ्ठीचं उत्तर आधी देऊन टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला लागायला नको. उत्तर आहे, नाही. प्रभुभोजनाच्या मेजावरच्या कपड्यातलं ते भोक मी बुजवणार नाही. आपल्या चर्चच्या मंडळीला पंचाहत्तर वर्षं होवोत नाहीतर साडेसातशे, पाहुणे कुठूनही येवोत, आणि तुझे सेक्रेटरीसाहेब माझ्या दुकानाच्या पायरीवर उभं राहून कितीही वेळा घसा खाकरोत. नाही म्हणजे नाही.

तू म्हणशील, दोन गल्ल्या पलीकडे राहणारी बहीण पत्र कसलं लिहिते? लिहिते, कारण समोर बसून हा विषय काढला की तू उठतेस. कपड्याचं नाव निघालं की तुला गॅसवरचं दूध आठवतं. मागच्या आठवड्यात तर गॅसवर दूधच नव्हतं, तरी तू धावत गेलीस आणि आत जाऊन बराच वेळ भांडी वाजवत राहिलीस. पत्रासमोरून असं उठून जाता येत नाही. फार तर फाडता येतं. पण तू फाडणार नाहीस, लहानपणी बिस्किटाच्या पुड्याचा कागदसुद्धा घडी घालून ठेवायचीस तू.

गुरुवारी कमिटीने मला बोलावलं होतं, ते तुला घरीच कळलं असेल. पण सेक्रेटरीसाहेबांनी त्यांच्या पद्धतीने सांगितलं असेल, म्हणून माझ्याकडूनही ऐक. सात माणसं सात खुर्च्यांवर, आणि माझ्यासाठी ते डुगडुगणारं स्टूल. पाळकसाहेब नवे आहेत, तरुण आहेत, मनाने चांगले आहेत. त्यांनी गोड सुरुवात केली. म्हणाले, ताई, तुमच्या हातची कला सगळ्या गावाला माहीत आहे. सिगारेटने जळलेला कोट तुम्ही असा रफू करता की मालकालाही जागा सापडत नाही. मग आपल्याच चर्चच्या कपड्यावर मधोमध ते पिवळट रफू आणि त्याच्या कोपऱ्यात उघडं भोक, हे बरं दिसतं का? कोपऱ्यातले मंडळीचे ज्येष्ठ वडील लगेच म्हणाले, फोटो निघणार आहेत, फोटोत भोक येईल. मी म्हटलं, फोटोत मीही येणार आहे, मला कोण रफू करणार? कुणी हसलं नाही. तुझा नवरा तेवढा वहीत तोंड घालून खोकला.

मग दुसरी गोष्ट निघाली. दर वर्धापनदिनाला मी साक्ष द्यायला उभी राहते आणि तीच गोष्ट सांगते, ती यंदा नको. पाळकसाहेब म्हणाले, जे देवाने समुद्राच्या तळाशी टाकलं, ते तुम्ही दरवर्षी गळ टाकून वर का काढता? वाक्य चांगलं होतं, क्षणभर मलाही पटल्यासारखं झालं. पण मग मी म्हटलं, साहेब, पाप मी वर काढत नाही. ते तळाशीच आहे, मला सापडणारही नाही. मी फक्त किनाऱ्यावर उभी राहून सांगते की माझं ओझं इथे उतरवलं गेलं. देव विसरला, तो त्याचा मोठेपणा. त्याने उतरवलं हे मी विसरले, तर तो माझा कोतेपणा. यावर कमिट्या जे करतात तेच त्यांनी केलं, ठराव केला. वर्धापनदिनाच्या रविवारपर्यंत रफू दिसणार नाही असं करून द्यायचं, नाहीतर नवा कपडा आणायचा आणि जुना पेटीत ठेवायचा.

आणि शनिवारी तुझी चिठ्ठी आली. चार ओळींची. शेवटची ओळ, ‘ताई, बाकी राहू दे, निदान ते भोक तरी बंद कर गं.’ तो ‘गं’ वाचून मी हातातलं काम खाली ठेवलं. बाकीच्यांना रफू खुपतं. तुला एकटीला भोक खुपतं. हे इतक्या वर्षांत माझ्या ध्यानात कसं आलं नाही? का आलं होतं, आणि मीच दूध उतू जाण्याच्या गोष्टी करत राहिले?

म्हणून ती गोष्ट मी तुला परत सांगणार आहे. तुला ती तोंडपाठ आहे. पण ठके, मी ती सत्तावीस वेळा मंडळीसमोर सांगितली आणि प्रत्येक वेळी तिच्यातली एक जागा गाळली. आज गाळणार नाही.

मी एकोणीस वर्षांची होते, तू नऊ. मेजाचा कपडा धुऊन इस्त्री करायची त्या महिन्यात आईची पाळी होती, आणि आईने नेहमीप्रमाणे मला पाठवलं होतं. शनिवारची दुपार. चर्चच्या मागच्या खोलीत ते लांब टेबल, ती जड इस्त्री, आणि टेबलाखाली तू, तुझ्या चिंध्यांच्या बाहुल्या घेऊन. बाहेर गायनवृंदाचा सराव चालू होता. उद्या एकटीने गायचं कडवं मला मिळणार की त्या पोस्टमास्तरांच्या मुलीला, हे ठरत होतं. माझं नाव ऐकल्यासारखं वाटलं म्हणून मी दाराशी गेले. इस्त्री कपड्यावर तशीच पालथी. नाव माझं नव्हतं. मी दाराशीच उभी राहून जळत राहिले, आणि आत कपडा जळत राहिला. वास आला तेव्हा धावले. इस्त्रीच्या टोकाएवढं, बोटभर लांबीचं, पानाच्या आकाराचं भोक. भोवती तपकिरी कड.

मी काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. जळका भाग आत जाईल अशी घडी घातली आणि कपाटात ठेवला. दुसऱ्या दिवशी जुन्या पाळकांनी भर उपासनेत तो उलगडला, आणि भाकरीच्या ताटाशेजारी ते भोक सगळ्या मंडळीकडे बघत बसलं.

कपाटाची किल्ली असायची घंटामावशीकडे. चर्च झाडायची, बाकं पुसायची, रविवारी घंटा वाजवायची आणि मागच्या दोन खोल्यांत राहायची ती. तिला नाव होतं, पण आपण पोरांनी तिला कधी दुसरं काही म्हटलं नाही. उपासना संपल्यावर मंडळीच्या वडिलांनी मला विचारलं. मी म्हटलं, मी नीट इस्त्री करून ठेवला होता. तिला विचारलं, ती म्हणाली, मी कपाट उघडलंच नाही. एकीचा शब्द दुसरीविरुद्ध. मग कुणीतरी म्हणालं की मी गेल्यावर मावशीच्या हातात इस्त्री पाहिली होती. तेवढ्यावर निकाल लागला. आठ दिवसांत तिने खोल्या रिकाम्या केल्या. एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी आणि तुळशीच्या रोपासारखं जपलेलं गुलाबाचं एक डबडं. तिने मागे वळून पाहिलं नाही. वळली असती तर मी तिला खिडकीत दिसले असते.

साक्ष देताना मी इथे ‘कुणीतरी’ म्हणते. सत्तावीस वेळा ‘कुणीतरी’ म्हटलं. ते कुणीतरी कोण, ते आपल्या दोघींना माहीत आहे. जरा थांब, उठू नकोस.

अकरा महिने मी ते पोटात घेऊन हिंडले. गायनवृंदात ते कडवं मला पुढे मिळालं, पण आवाज फुटायचा नाही. शेवटी एक दिवस मी मावशीला शोधत गेले. एका दवाखान्याच्या धोबीखान्यात ती चादरी धूत होती आणि फाटलेल्या रफू करत होती. वाफेने भरलेली खोली, ओल्या चादरींचे ढीग. मी दारातच बोलायला सुरुवात केली आणि रडायला लागले. तिने हात पुसले, मला एका पालथ्या बादलीवर बसवलं आणि म्हणाली, ‘मला ठाऊक होतं गं बाई. कपाटाला किल्ली होती, तुझ्या चेहऱ्याला नव्हती.’ मी म्हटलं, मला क्षमा कर. तिने लगेच ‘केली’ म्हटलं नाही. खिडकीपाशी गेली, बराच वेळ उभी राहिली. परत आली तेव्हा म्हणाली, ‘वरच्याने माझं काय काय पुसलंय ते आठवून आले जरा. त्याशिवाय मला जमलं नसतं. आता केली.’ आणि पुढचंच वाक्य, ‘सुई ओवता येते का?’

आज पोट भरते त्या कामाचा पहिला टाका मी त्या धोबीखान्यात घातला, हे तू जाणतेस. मी पाळकांना सांगितलं, कमिटीला सांगितलं, मंडळीपुढे उभी राहिले. मावशीला खोल्या परत देऊ केल्या तर म्हणाली, नको, इथे पोरीबाळी मला मुकादम म्हणतात, तिकडे मी पुन्हा घंटा होईन. पण कपडा मात्र ती रफू करायला आली. पांढराशुभ्र धागा मी पुढे केला तर तिने तो बाजूला सारला आणि कोऱ्या सुताचा पिवळट धागा घेतला. म्हणाली, झाकायचं असतं तर तू घडी घातलीच होतीस की. दिसू दे. पुढच्या वेळी तुझा हात इथून फिरेल तेव्हा त्याला कळलं पाहिजे.

आणि हात फिरतो ठके. महिन्यातून एकदा, धुताना, खळ देताना, इस्त्री फिरवताना. बोटाला ती जागा जाडसर लागते. त्या एका जागेने मला जे शिकवलं, ते दर रविवारच्या उपदेशांनी शिकवलं नाही. तू म्हणशील, ताई उपदेशावर घसरली. बरं, मग मी ते विसरले तेव्हा काय झालं, तेही सांगते.

मी स्त्रीमंडळाची अध्यक्षीण झाले तेव्हाची गोष्ट. अध्यक्षिणीने जळका कपडा मिरवणं मलाच बरं वाटेना. मी गुपचूप त्या जागेवर फुलदाणी ठेवायला लागले. मोठी, पितळी. इस्त्रीही दुसऱ्यांकडे सोपवली, मला वेळ कुठे? त्याच वर्षी ती नर्स परत आली होती, आठवते? घर सोडून गेलेली, दोन वर्षांनी कडेवर मूल घेऊन आलेली. तिला आमच्यात बसून गायचं होतं. मी म्हटलं, एक वर्ष जाऊ दे, लोकांना सवय होऊ दे. किती शहाणपणाचं वाटलं होतं मला ते! ती दुसऱ्या रविवारी आलीच नाही. मला काही वाटलंसुद्धा नाही. त्या वर्षी मी गिऱ्हाइकांवर खेकसायचे, नवऱ्याच्या चुका तारीखवार सांगायचे, आणि प्रार्थनेला बसलं की मला देवाला सांगायला फक्त दुसऱ्यांच्या गोष्टी असायच्या. वरून सगळं झकपक. आतून वठलेलं झाड.

मग एका रविवारी कुणाच्या तरी कोपराने फुलदाणी कलंडली. पाणी सांडलं, ते टिपायला मी धावले आणि माझा हात बरोबर त्या रफूवर पडला. ओलं झाल्यावर ते अधिकच पिवळं दिसत होतं. मी पुसत राहिले. लोकांना वाटलं अध्यक्षीणबाई किती मन लावून पुसतात. दुसऱ्या दिवशी मी नर्सच्या दारात होते. तिने दोनदा दार उघडलं नाही. तिसऱ्या खेपेला साखळी लावून फटीतून म्हणाली, ‘वर्ष झालं का?’ मी म्हटलं, नाही, मीच एक वर्ष वाया घालवून आले. आज ती माझ्या उजव्या हाताला उभी राहून गाते आणि मी ताल सोडला की कोपर मारते.

म्हणून मी कमिटीला नाही म्हणते. मी हट्टी म्हणून नाही. म्हणजे, आहेच मी हट्टी, आईने तुला दूध आणि मला हट्ट पाजला असं बाबा म्हणायचेच. पण मला माझी खात्री नाही ठके. ती जागा दिसली नाही तर मी पुन्हा तीच बाई होईन, फुलदाणीवाली. ज्याला आपल्याला क्षमा मिळाल्याचा विसर पडतो त्याला जवळच्यापलीकडचं दिसत नाही, अशा अर्थाचं म्हातारा प्रेषित लिहून गेलाय, आणि आपण प्रभूला तीनदा नाकारल्यावर आरवलेला कोंबडा तो विसरला नव्हता. विश्वास, धीर, माया, एकावर एक काय चढवायचं ते चढवा म्हणतो, पण पाया हा. पाया लपवून मला इमारतीचा फोटो काढायचा नाही.

आता ती गाळलेली जागा.

त्या रविवारी मंडळीच्या वडिलांनी तुलाही विचारलं होतं. तू आईच्या पदराआडून पुढे आलीस. मी तुला काही शिकवलं नव्हतं, शपथेवर सांगते. मी फक्त तुझ्याकडे पाहिलं. पण ते पाहणं कसलं होतं ते मला माहीत आहे. आणि तू, जिने आदल्या दिवशी टेबलाखालून सगळं पाहिलं होतं, ती म्हणालीस, ‘ताई गेल्यावर मावशीने इस्त्री घेतली होती.’ कुणीतरी म्हणालं, एवढंसं पोर खोटं कशाला बोलेल? मावशीने तुझ्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. तुला खोटं पाडायला नको म्हणून मिटलं, हे मला तेव्हाही कळलं होतं.

मी सगळं कबूल केलं तेव्हा तुझं नाव घेतलं नाही. आई म्हणाली, पोरीला कशाला मध्ये ओढतेस, ती विसरली असेल. मला ते फार थोर वाटलं. सगळा दोष मी अंगावर घेतला. पण ठके, दोष अंगावर घेताना मी क्षमाही सगळी एकटीनेच घेतली. तुझ्या वाटणीचीसुद्धा. मला रडायला बादली मिळाली, हातात सुई मिळाली, दरवर्षी उभं राहून सांगायला गोष्ट मिळाली. तुला काय मिळालं? एक ‘कुणीतरी’. आणि दरवर्षी ते ऐकायला पुढच्या बाकावर सेक्रेटरीच्या शेजारची जागा. प्रभुभोजनाच्या रविवारी तुझं नेमकं डोकं दुखतं. किती वर्षं दुखतंय? मी मोजायला घाबरते. अठ्ठावीस वर्षांत तू त्या मेजाशी आलेली मला एकदाही आठवत नाही. नऊ वर्षांची होतीस तेव्हा प्रभूची भाकर घ्यायची तुझी वेळ आली नव्हती, आणि वेळ आली तेव्हापासून डोकं दुखतंय.

आणि माझं खरं पाप पुढेच आहे, जे मी कुणालाही सांगितलेलं नाही. भोक अर्धवट का राहिलं, असं लोक विचारतात तेव्हा मी म्हणते, मावशीचा धागा संपला. खोटं आहे. धागा भरपूर होता, उरलेलं रीळ माझ्याकडे आहे. मावशीने कोपऱ्यात उभे धागे ताणून घेतले आणि आडवे चार घालायचे सोडून सुई टोचून ठेवली. मी म्हटलं, एवढंच राहिलंय की. ती म्हणाली, ‘ते तुझं नाही. ते धाकटीचं. तिला सांग, माझ्या मनात काही नाही. नऊ वर्षांचं पोर बहिणीवर माया करतं, त्यात माझं घर गेलं, पण माया काही खोटी नव्हती. तिला म्हणावं, ये. चार धागे तिने घालायचे, मी शिकवीन.’

मी तुला सांगितलं नाही. आधी म्हटलं, लहान आहे. मग म्हटलं, परीक्षा आहे. मग मावशीच गेली. मग तुझं लग्न ठरलं, मग घर मोठं, नाव मोठं, आणि माझ्या जिभेला गाठ बसली. तुझ्या नावाने दिलेली क्षमा मी अठ्ठावीस वर्षं माझ्याकडे दाबून ठेवली, आणि वर साक्षी देत हिंडले. उभे धागे जुने होऊन तुटले तेव्हा मी दोनदा नवे ताणले. आडवा एकही घातला नाही, तेवढं एक इमान राखलं. पण निरोप दिला नाही. त्याबद्दल मी तुझी क्षमा मागते ठके. लगेच ‘केली’ म्हणू नकोस. खिडकीपाशी जा, हवा तेवढा वेळ उभी राहा.

ह्या पत्राबरोबरच्या पुडक्यात तो कपडा आहे. धुतलेला आहे, इस्त्री केलेली नाही. रीळ तेच आहे, कोऱ्या सुताचं, आणि सुई मावशीची. ठराव फिरवायला मी येत्या शनिवारी पुन्हा जाणार आहे आणि त्या डुगडुगत्या स्टुलावर बसणार नाही, उभीच राहीन. नवा कपडा आणला तरी रविवारी मेजावर हाच अंथरला जाईल, मग तो काढायला सातही जण आले तरी चालतील. साक्षीलाही मी उभी राहीन. तुझं नाव मी घेणार नाही, ते घ्यायचं की नाही ते तुझं. पण ‘कुणीतरी’ आता माझ्या तोंडून निघणार नाही. तू धागे नाही घातलेस तरी मी भांडणार नाही. भोक तसंच राहील, आणि माझ्यामागे जी कुणी इस्त्री करेल तिला मी सांगून ठेवीन की ते कुणाचं आहे. घालावेसे वाटले, तर पहिला धागा खालून सुरू कर, एक वर, एक खाली, फार ओढू नकोस. शेवटी गाठ मारू नकोस. मावशी कधी मारत नसे. टोक आतल्या आत सारायचं आणि सोडून द्यायचं, ते आपोआप धरतं.

तुझीच,
अठ्ठावीस वर्षं उशिरा निरोप पोचवणारी,
ताई